सहातला एकच पिस्टन बदललाय, आता क्रँक बॅलन्स करायची का?

घाटवाला
मंडळी, मार्केट यार्ड ते वाशी माल मारतो, सहा सिलिंडर 5.9 लिटरचं इंजिन, 102 बोअर 120 स्ट्रोक. परवा येताना बोरघाटात गाडीने मान टाकली. चार नंबरचा नोझल (सिलिंडरात डिझेल फवारतो तो) गळत होता, त्या डिझेलने बोअरचं ऑइल धुऊन काढलं आणि पिस्टन खरवडला. निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरीत इंजिन खोललंय, चार नंबरला स्लीव्ह ठोकून नवा पिस्टन टाकतोय. बाकीचे पाच पण बाहेरच होते म्हणून बायकोचा केकचा डिजिटल काटा नेऊन पिनसकट (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडते ती गजन पिन) वजन केलं. जुने पाचही 4 ग्रॅमच्या आत, नवा मात्र 38 ग्रॅम जड! कंपनी वेगळी आहे. आमचा फिटर म्हणतो काही होत नाही, आवळून टाकू. भोसरीचा ओळखीचा ग्राइंडिंगवाला म्हणतो क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा), फ्लायव्हील (त्याच्या मागचं जड चाक) सगळं मशीनवर बॅलन्सला घाला. कोणाचं ऐकू?

जुना फिटर
फिटरचं ऐक. 30 वर्षं इंजिनं बांधतोय, एकदाही काटा लावला नाही. अरे पिस्टनवर एकेका स्फोटाला 10 टनाचा दणका बसतो तिथं 38 ग्रॅमला कोण विचारतंय. ट्रक आहे, रेसची गाडी नाही, 1500-1600 आरपीएमवर चालतो. उगाच पैशाला पाय फुटतील.

कोथरूडचा मेकॅनिकलवाला
काका, 10 टन बरोबर आहे, पण तो दणका हेडला वर आणि क्रँकला खाली ढकलतो, दोन्ही एकाच ब्लॉकला बोल्टांनी बांधलेले, म्हणजे ओढाताण घरातल्या घरात, चॅसीपर्यंत येतच नाही. जादा वजनाचं तसं नाही. 60 मिमीचा क्रँक थ्रो (स्ट्रोकच्या निम्मा) धरा, 2400 आरपीएमला 38 ग्रॅमचा वरच्या टोकाला सुमारे 19 किलोचा झटका होतो, सेकंदाला 40 वेळा, आणि तो सरळ माउंटिंगवर. 1500 ला साडेसात किलो. स्पीडच्या वर्गाने वाढतो ना, म्हणून.

पण भोसरीवाल्याचं पण मला पटत नाही. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरला पिस्टन एकमेकांनाच तोलतात. सहाचे सहा जड टाकले तरी चालेल, फक्त सारखे हवेत. क्रँकला हातच लावायला नको. व्ही-8 (चार-चार सिलिंडरच्या दोन तिरक्या रांगा) असतं तर गोष्ट वेगळी, तिथं पिस्टनच्या वजनाप्रमाणे बॉबवेट (पिस्टनऐवजी क्रँकवर बांधायचं वजन) लावून क्रँक बॅलन्स करावी लागते.

जुना फिटर
कागदावर ठीक आहे हो साहेब. माझी एकही गाडी तक्रार घेऊन परत नाही आली.

गाडीवाली ताई
काका रागावू नका, पण परत आली नाही म्हणजे दुसऱ्या गॅरेजला गेली असं पण असू शकतं 😄 आमच्या एका गाडीत केबिनचा आरसा थरथरून दिसेनासा झालेला, सगळे पिस्टनच्या नावाने खडे फोडत होते आणि निघालं काय, तर क्लच काम करताना प्रेशर प्लेट खुणेवर न बसवता फिरवून बसवली होती. घाटवाले भाऊ, तुम्ही फ्लायव्हील उतरवलंच असेल तर खुणा बघा. आणि पुढच्या पुलीच्या डॅम्परचं (क्रँकचा पीळ शोषतो तो) रबर सुटलंय का तेही बघून घ्या, ते गेलं तर हादरा केबिनला कळत नाही पण क्रँकला पीळ बसतो.

लेथवरचा
कोणी सांगायच्या आधी बोलतो, 38 ग्रॅम घासून काढायच्या भानगडीत पडू नका. अ‍ॅल्युमिनियमचे 14 सीसी होतात, काढणार कुठून? पाचसात ग्रॅम असतील तर आतून पिन बॉसच्या (पिन बसते त्या जाड कड्याच्या) खालचा जाड भाग घासता येतो, डोक्याला आणि रिंगच्या खाचांना हात लावायचा नाही. एवढा फरक म्हणजे पार्टच वेगळा असणार. पिस्टनच्या डोक्यावरचा खड्डा आणि पिनपासून डोक्यापर्यंतची उंची जुन्याशी जुळवून बघा, आणि गजन पिन काढून वेगळी तोला.

घाटवाला
लेथवाले भाऊ, मानलं! पिन वेगळी तोलली, 38 पैकी 31 ग्रॅम एकट्या पिनचेच निघाले. बाहेरून डिट्टो, आतलं भोक बारीक. खड्डा, उंची सगळं जुळतंय. जुनी पिन मायक्रोमीटरने बघितली, झीज नाही, नव्या पिस्टनमध्ये हाताने सरकते. तीच घालू का?

जुना फिटर
नवा पिस्टन जुनी पिन? मी नाही घालणार. दुकानदाराला पाठव परत, जुन्या पार्ट नंबरचा माग.

कोथरूडचा मेकॅनिकलवाला
पिस्टन परत करणं उत्तमच. पण माप बरोबर आणि पिनवर तापल्याचा निळा डाग नसेल तर मी घालेन. राहिलेले 7 ग्रॅम घासले नाही तरी 2400 ला साडेतीन किलो.

घाटवाला
दुकानदार म्हणतो एकदा पाकीट फोडलं की माल परत नाही. जुनीच घालतोय. 7 ग्रॅम लेथवर उद्या काढून घेतो, आणि नोझल सहाच्या सहा टेस्टिंगला दिलेत, मूळ दुखणं तिथंच होतं.