मदत हवी आहे: एमएस्सी केमिस्ट्री झालंय पण नववीला मोल शिकवता येत नाहीये

कार्बनी
कुणीतरी लवकर सांगा, सोमवारी तास आहे. एमएस्सी ऑरगॅनिक झालंय, मार्क चांगले, मेकॅनिझम विचारा, एनएमआर विचारा सगळं येतं, पण परवा मोल (अणू-रेणू मोजायचं एकक) घेतला तर पोरं नुसती बघत बसली. एकाने विचारलं मोल दिसतो का? पाच वर्षं केमिस्ट्री केली, हे पोरांपर्यंत कसं न्यायचं ते कॉलेजात कुणी एकदाही दाखवलं नाही. काय करू?

घाटमाथा
मीडियम कोणतं? बीएड झालंय का? आधी किती शिकवून झालंय?

सेटवाला
शाळेत कशाला अडकताय ताई, सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) काढा. सिनियर कॉलेजला बीएड लागत नाही आणि जुलै 2023 पासून असिस्टंट प्रोफेसरला पीएचडीची सक्तीही नाही, नेट-सेट चालतं.

तासिका_तत्त्व
सेट निघाली म्हणजे पोस्ट मिळाली असं नसतं हो. मी सेट काढूनही सीएचबीवरच (तासिका तत्त्वावर) आहे, तासाचे पैसे, तेही उशिरा, आणि दरवर्षी पुन्हा मुलाखत.

सेटवाला
मग काय शिक्षण सेवक म्हणून 18000 वर राहायचं?

तासिका_तत्त्व
ते तीन वर्षं. माध्यमिकला 18000, ज्युनियरला 20000, मग वेतनश्रेणी. सीएचबीला पुढे काय आहे ते सांगा.

कार्बनी
अहो मी पगार विचारलाच नाहीये!! सेमी आहे, 'द्रव्याचे मोजमाप' चालू आहे, रेणुवस्तुमानापर्यंत झालंय. बीएड नाही, पुढच्या वर्षी सीईटी देणार.

माजी_बाई
मग तिथेच अडलंय. आमच्या वेळी बीएड एका वर्षाचं होतं, पण टाचण तपासून घेतल्याशिवाय पाठ घेऊ देत नसत. आता 2015 पासून दोन वर्षांचं झालंय, नीट कर, सगळं जमेल.

घाटमाथा
बाई, माझं बीएड झालंय. सूक्ष्म अध्यापनात (छोट्या सराव पाठांत) प्रश्न कसा विचारावा, फळा कसा लिहावा हे आलं, पण मोल कसा शिकवावा हे तिथेही नव्हतं. कॉलेजला वाटतं शिकवणं बीएडवाले बघतील, बीएडवाल्यांना वाटतं विषय कॉलेजने बघितलाय. पोरांना नेमकं कुठे अडतं हे कुणीच सांगत नाही.

माजी_बाई
विषय पक्का असला की शिकवता येतंच.

घाटमाथा
कार्बनी ताईंचा पक्का आहे की. तरी अडलंय ना?

क्यूसी_महाड
ऑरगॅनिक असेल तर महाड, कुरकुंभ, तारापूरच्या केमिकल कंपन्या बघा, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं तंत्र) येत असेल तर क्यूसीत (क्वालिटी कंट्रोलमध्ये) घेतात.

दुपारशाळा
डझनचं उदाहरण द्या, 12 केळी म्हणजे डझन तसा मोल. संपलं.

प्रयोगवही
डझनने संपत नाही. पोरांना संख्या कळते, पण ग्रॅम मध्येच कुठून आले ते कळत नाही, मग ती मोल म्हणजे वजन असं धरून बसतात. जॉनस्टन नावाच्या ग्लासगोच्या प्राध्यापकांनी 1991 मध्ये मांडलंय की केमिस्ट्री तीन पातळ्यांवर चालते, डोळ्यांना दिसणारं, कणांचं आणि चिन्हांचं. एमएस्सीपर्यंत आपण चिन्हांत इतके रुळतो की वर्गातही तिथूनच सुरुवात करतो, आणि पोरं असतात दिसणाऱ्यावर.
मी असं करतो: गटांना 100 हरभरे आणि 100 राजमा मोजून वजन करायला लावतो, मग 200-200. वजनं बदलतात, हरभरे-राजमा वजनांचं गुणोत्तर जवळपास तेच राहतं. म्हणजे त्या गुणोत्तरात वजन केलं की न मोजताही नग सारखे येतात, हे पोरंच सांगतात. मग फळ्यावर अणुवस्तुमानं, कार्बन 12, ऑक्सिजन 16, म्हणजे 12 ग्रॅम कार्बन आणि 16 ग्रॅम ऑक्सिजनमध्ये अणू तितकेच. 6.022 × 10²³ हा एका मोलमधल्या कणांचा आकडा सगळ्यात शेवटी. आणि टेबलावर 18 मिली पाणी, 342 ग्रॅम साखर ठेवा. दोन्हीत रेणूंची संख्या सारखीच, एकेक मोल. मोल दिसतो का विचारणाऱ्याला तेच दाखवा.

दुपारशाळा
एवढा वेळ कुणाकडे आहे? पोर्शन?

प्रयोगवही
एक तास जातो. तो वाचवला तर अकरावीत स्टॉइकिओमेट्रीला (अभिक्रियेत कोणता पदार्थ किती लागतो-बनतो त्या गणितांना) पोरं रडतात, दोन्हीकडे शिकवलंय मी.

कार्बनी
हे करते. पण शाळेच्या काट्याला 1 ग्रॅमच्या खाली दिसत नाही. राजमाऐवजी मूग चालतील का, घरात आहेत.

प्रयोगवही
मूग नको, 100 चे तीन-चार ग्रॅमच भरतील, गुणोत्तर चुकेल. राजमाच आणा, आणि मोजून नेऊ नका, पोरांनाच मोजू द्या.