'तोरोमी': आटणं, आळणं की घट्ट होणं?

ओलंआलं: तामागोझाके या जपानी पेयाची कृती मराठीत उतरवते आहे. अंडं, साखर आणि गरम साके, एवढंच साहित्य. सर्दी झाली की जपानी घरांत ते रात्री झोपण्याआधी घेतात. मुळात 'तोरोमी (म्हणजे किंचित दाटपणा) येईपर्यंत मंद आचेवर ढवळा' असं आहे. मी 'आटेपर्यंत' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'घट्ट होईपर्यंत' केलं. मला आता दोन्ही पटत नाहीत. आणि साकेला 'तांदळाची वाइन' म्हणावं का?

मापटं: 'आटेपर्यंत' चूकच आहे. आटतं तेव्हा पाण्याची वाफ होऊन माप घटतं, जशी दुधाची बासुंदी. इथे १८० मिली साके (जपानी मापात एक 'गो') आणि एक अंडं घेतलं तर पेय जवळपास तेवढंच उरायला हवं. दाटपणा अंड्यातल्या प्रथिनांनी येतो. त्यासाठी आपल्याकडे 'आळणं' आहे: पिठलं आळतं, खीर आळते. 'किंचित आळेपर्यंत' लिहा. 'घट्ट' वाचून कुणी ते चमच्याने खाण्याइतकं शिजवेल.

काठवट: मापटं यांच्याशी सहमत. पालेभाजीला बेसनाचं आळण लावतात, तेही यातलंच. 'अळणी'चंही मूळ हेच असावं.

मापटं: नाही हो. अळणी म्हणजे अलवण, बिनमिठाचं. दोन्हींचा संबंध नाही.

शुद्धमती: पण 'आळणं' किती जणांना कळेल? कृती वाचणाऱ्याला अडखळायला लावणारा शब्द, कितीही अस्सल असला तरी, निरुपयोगी. 'दाटसर होईपर्यंत' पुरे.

काठवट: वापरलाच नाही तर कळणार कसा? आणि 'दाटसर' ही झाली स्थिती. 'आळणं' ही क्रिया आहे, आचेवर काय घडतंय ते सांगते.

उंबरठा: वाइनबद्दल. द्राक्षात साखर आधीच असते, यीस्टला फक्त ती आंबवायची असते. तांदळात असतो स्टार्च. कोजी नावाची बुरशी त्याची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं. धान्यापासून होतं म्हणून ते बिअरला जवळचं. मनुस्मृतीत सुरेचे गौडी, पैष्टी, माध्वी असे तीन प्रकार आहेत, त्यांतली पिठाची ती पैष्टी. मी तर 'तांदळाची पैष्टी' लिहीन.

शुद्धमती: आत्ता 'आळणं' अवघड म्हटलं, त्यावर तुम्ही 'पैष्टी' सुचवता? 'साके' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'तांदळाचं मद्य' असा खुलासा करा.

उंबरठा: तेही नेमकं नाही. जपानीत 'साके' म्हणजे कुठलंही मद्य. तांदळाच्याला 'निहोनशू' म्हणतात.

ओलंआलं: मग लिंग कुठलं? दारूवरून 'ती साके' की मद्यावरून 'ते साके'?

मापटं: 'ते' कानाला बरं वाटतं. पण कृतीत याहून महत्त्वाची सूचना हवी: स्वयंपाकासाठी म्हणून मिळणारं साके घेऊ नका. त्यात मीठ घातलेलं असतं, सगळं पेय खारट होतं. पिण्याचं घ्यावं, साधारण १५ टक्क्यांचं.

चूलवैल: सगळे 'आळणं'वर थांबलात, पण बहुतेकांचं बिघडतं ते पुढे. अंडं *फाटतं*. पांढरं साधारण ६२ अंशांपासून आळायला लागतं, बलक ६५च्या पुढे, आणि मद्यामुळे प्रथिनं आणखी लवकर धरतात. उकळतं साके एकदम ओतलं की पेल्यात अंड्याच्या चिंध्या.
अंडं एक मोठा चमचा साखरेबरोबर फेटा, फेस होऊ देऊ नका. पांढऱ्यातले दोरे काढून टाका. साके कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून उतरवा, मिनिटभर थांबा. मग सतत ढवळत बारीक धारेने *अंड्यात साके* घाला, उलट नाही. परत अगदी मंद आचेवर ठेवा, चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहिला की लगेच उतरवून गाळा. आल्याचा रस अर्धा चमचा, शेवटी. शिजवला तर वास उडतो.

काठवट: कृती उत्तम, पण 'फाटतं' दुधाला. अंड्याच्या गुठळ्या होतात.

चूलवैल: गुठळी ढवळून मोडते. इथे घन आणि पाणी वेगळं होतं आणि पुन्हा एकजीव होत नाही. हे फाटणंच.

शुद्धमती: मद्य उडून जातं म्हणून मुलांनाही देतात असं वाचलंय. ते लिहायचं का?

चूलवैल: मुळीच नाही. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, आपण तिथवर पोचतच नाही. साके आधी दोन-तीन मिनिटं उकळून घेतलं तरी थोडा राहतोच. मुलांसाठी तांदूळ-कोजीचं अमाझाके करावं. त्यात अंडं नसतं.

उंबरठा: साके, पण अमाझाके, तामागोझाके. समासात दुसऱ्या पदाचा 'स' घोष होतो. 'वाक्'चं 'वाग्देवी'त होतं तसं काहीसं, फक्त तिथे बदल पहिल्या पदात.

काठवट: मग 'झ' का? महाप्राण नाहीच तो. जहाजातला 'ज' घालून 'तामागोजाके' लिहा.

शुद्धमती: 'जाके' कुणीही हिंदीतल्यासारखं वाचेल. 'झेन' आपण 'झ'नेच लिहितो.

ओलंआलं: 'आळेपर्यंत' ठेवते. एक राहिलं: काही जण पूर्ण अंड्याऐवजी फक्त पिवळं घालतात. तिथे 'पिवळा बलक' लिहू की नुसतं 'बलक'?

काठवट: नुसतं बलक. बलक पिवळाच असतो.

मापटं: कितीतरी घरांत 'पांढरा बलक' म्हणतात. 'पिवळा' लिहिलं नाही तर निम्मे लोक पांढरं घालतील, आणि त्याच्याच चिंध्या आधी होतात.