मदत हवी आहे: शिणाण्यांसारखे दिसणारे हे शिंपले कोणते?

मुंबईजवळच्या एका खाडीत जेटीच्या खांबांवर 1 ते 3 सेंमीचे काळपट शिंपले झुबक्यांनी चिकटलेत. हिरवी झाक नाही, म्हणजे आपले शिणाणे (खाण्याचे हिरवे शिंपले) नव्हेत. संशय बाहेरून आलेल्या दोन शिंपल्यांवर: विशाखापट्टणमला 1967 मध्ये नोंदलेला मायटिलॉप्सिस साली आणि केरळच्या अष्टमुडीत पसरलेला मायटेला स्ट्रिगाटा.

उघडून पाहिले. चोचीच्या (शिंपल्याच्या निमुळत्या टोकाच्या) आत छोटा पडदा असला तर मायटिलॉप्सिस; मायटेलात तो नसतो. बहुतेकांत पडदा नाही, पण काही लहान नमुन्यांचं टोकच झिजलंय. रंगावर मी विसंबत नाही, मायटेलात तो फार बदलतो.

मँटलचा (कवचाखालच्या मऊ आवरणाचा, ज्यात प्रजनन पेशीही असतात) तुकडा घेऊन, प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय या मायटोकॉन्ड्रियल जनुकाचा सुमारे 650 बेसचा (डीएनएची अक्षरं) भाग वाढवला. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) नीट झाली, पण क्रम वाचताना काही नमुन्यांत दुहेरी शिखरं येतात, म्हणजे एकाच जागी दोन अक्षरं दिसतात. मायटोकॉन्ड्रियल डीएनए सहसा फक्त आईकडून येतो, पण मायटेलाच्या नरांत वडिलांकडचाही असतो, तेच कारण असावं असं वाटतं. (वेगळ्या नळीत पुन्हा करून पाहिलं, तसंच आलं.)

नवे नमुने पावसाळ्यानंतरच मिळतील, क्लोनिंगला (दोन्ही क्रम वेगळे करून वाचायला) पैसे नाहीत. जुने नमुने 95 टक्के इथेनॉलमध्ये अख्खे आहेत. त्यांच्या पायाचा तुकडा घेतला तर फक्त आईकडचा क्रम स्वच्छ मिळेल, की शिंपला मिटणारा स्नायू घ्यावा? कुणी स्वतः करून पाहिलंय का?