छाटणीत बोट कापलंय, ग्लूनं चिकटवलं तर चालेल का?

बागायतदार, तासगाव
आमच्याकडं द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू आहे. काल दुपारी कात्री डाव्या तर्जनीच्या पेरावर बसली, दीडेक सेंटिमीटर. टोळीतल्या गड्यानं खिशातून पाच रुपयांची इन्स्टंट ग्लूची ट्यूब काढली. "मालक, दोन थेंब टाका, मी कायम हेच करतो." मी नको म्हटलं, फडकं बांधलं. पण दवाखान्यातबी आता टाक्याऐवजी ग्लू लावतात म्हणे. मग फरक काय?

सिस्टर, मिरज
दादा, नको म्हणालात ते फार बरं केलंत. दोन्हींत सायनोॲक्रिलेट नावाचं चिकट रसायनच असतं, पण जात वेगळी. ट्यूबमधलं बहुतेक इथिल. ते चिकटताना तापतं, शरीरात लवकर तुटतं आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन सुटतं; उघड्या मांसाला ते सोसत नाही. शिवाय निर्जंतुक नसतं. आमच्याकडचं ब्युटिल नाहीतर ऑक्टिल, सावकाश तुटणारं. ऑक्टिलला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

आणि ते जखमेत भरायचं नसतंच! आधी सलाईननं धुवायचं, रक्त थांबवायचं, कडा चिमटीत जुळवायच्या आणि वरून पातळ थर द्यायचा. आत गेलं तर कडा जुळतच नाहीत. मागच्या गळीत हंगामात ऊसतोडीची एक ताई आली होती, कोयत्याचा घाव असाच चिकटवलेला. वरून कोरडा, आत माती आणि पाचटाची कुसं. उघडल्यावर वाटीभर पू निघाला. अजून डोळ्यांसमोर आहे.

बागायतदार, तासगाव
बोट मुडपलं की जखम उघडते.

सिस्टर, मिरज
मग आमचा ग्लूसुद्धा तिथं टिकणार नाही, सांध्यावर ताण येतो. आजच दाखवा. बोटाचं टोक वाकतं का, शेंड्याला स्पर्श कळतो का, ते डॉक्टरांना तपासू द्या. शीर तुटली असेल तर नंतर अवघड होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा.

एक आई, कोरेगाव
माझ्या लेकीच्या कपाळावर साताऱ्यात ग्लूच लावला होता. सासूबाई हळद-तूप लावणार होत्या, डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, तेल-तूप-मलम काही नको, थर सुटतो. आठव्या दिवशी खपलीसारखा आपोआप पडला.

बागायतदार, तासगाव
सिस्टर, जाऊन आलो. शीर शाबूत आहे, तीन टाके पडले, इंजेक्शनबी घेतलं. गड्यालाही तुमचं वाचून दाखवलं. त्याच्या अंगठ्यावर जुना चिकटवलेला घाव आहे, लाल झालाय. उद्या सकाळी त्याला घेऊन जातोय.