प्रतिसाद: चढाची धास्ती असेल तर कालवा पकडा

वर कोणीतरी विचारलंय की फारसा सराव नसताना इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून सायकलने फिरता येईल का. येईल की! फक्त सुरुवात नैऋत्येकडच्या डेव्हन परगण्यातल्या अरुंद गावरस्त्यांपासून करू नका. नकाशावर निरागस दिसतात, पण दोन्ही बाजूंना उंच कुंपणं आणि मध्ये असे चढ की सायकलच आपल्याला फिरवते.

त्यापेक्षा बाथ शहरातून केनेट-एव्हन कालव्याकाठची वाट धरा. पूर्वी घोडे याच वाटेने नावा ओढत, त्यामुळे ती जवळपास सपाट आहे. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन हे गाव तिथून साधारण १६ किमी. वाटेत डंडास आणि एव्हनक्लिफ इथे कालवाच पुलावरून नदी ओलांडतो. तिथे उतरून बघाच. ब्रॅडफर्डला चौदाव्या शतकातलं धान्याचं दगडी कोठार आहे. पाय बोलायला लागले तर परतीला रेल्वे आहेच.

वाट अरुंद आहे, पहिला मान चालणाऱ्यांचा. घंटी हवीच.

आणि हो, 'फुटपाथ' अशी पाटी असलेल्या शेतवाटांवर सायकल नेऊ नका. 'ब्राइडलवे'वर (घोडेस्वारांनाही खुली असलेली वाट) चालते, १९६८च्या कायद्याने तशी मुभा आहे. मात्र घोडेस्वार आणि पादचाऱ्यांना आधी जाऊ द्यायचं.