मदत हवी आहे: मोरिआर्टी वॉटसनला आधीपासून माहीत होता की नव्हता?

नमस्कार मंडळी, भाचीला शेरलॉक होम्सच्या गोष्टी वाचून दाखवतेय आणि एका ठिकाणी अडकलेय. १८९३ च्या 'फायनल प्रॉब्लेम'मध्ये होम्स विचारतो, प्रोफेसर मोरिआर्टीचं (म्हणजे होम्सच्या कट्टर शत्रूचं) नाव ऐकलंयस का, तर वॉटसन, म्हणजे होम्सचा मित्र आणि या गोष्टी लिहिणारा, म्हणतो कधीच नाही. पण 'व्हॅली ऑफ फिअर' नंतर लिहिलेली असली तरी त्यातली घटना रायकेनबाखच्या धबधब्यावरच्या होम्स-मोरिआर्टी झटापटीच्या, म्हणजे 'फायनल प्रॉब्लेम'च्या शेवटाच्या, आधीची आहे ना, आणि तिथे वॉटसनला तो चांगलाच ठाऊक आहे! पोरीने हे बरोब्बर पकडलं, मला उत्तरच देता येईना.

मला स्वतःला मोरिआर्टी फार भारी वाटतो, एकविसाव्या वर्षी बायनॉमियल थिअरमवर (द्विपद प्रमेयावर) प्रबंध लिहिणारा गणिती, स्वतः जवळपास काहीच करत नाही, कोळ्यासारखा जाळ्याच्या मधोमध बसून नुसते धागे हलवतो. ते बोलताना मान पुढे काढून सापासारखं डोकं हळूहळू डोलवणं वाचताना तर अजून काटा येतो अंगावर.

तर ही विसंगती लेखकाची चूक समजायची का वॉटसनने मुद्दाम तसं लिहिलं असं काही स्पष्टीकरण आहे? आणि तिला आधी कोणतं वाचून दाखवू? जाणकारांनी प्लीज सांगा, रविवारी पुढचं वाचायचंय.