यादीतले ऋण आकडे बदलायला म्हणे लूप लावा!

सदाशिवपेठी: काल इथे कुणीतरी सल्ला दिलाय, "क्यू या प्रोग्रामिंग भाषेत यादीतल्या ऋण संख्या शून्य करायला मास्क (हो-नाहीची १-० यादी) कशाला? लूप लावून एकेक घटकावर इफची अट लावा, नव्या पोरांना वाचता येतं." डोकं फिरलं. अहो, लूपच लावायचा तर अख्खी यादी एका झटक्यात हाताळणारी ॲरे भाषा घेतलीत कशाला? यादी ५, -३, ८, -२. 'शून्याहून मोठा का?' विचारलं की १ ० १ ०. त्याने मूळ यादीला गुणा: ५ ० ८ ०. संपलं!

खराडीकर: मीच तो कुणीतरी. उद्या तुमची ही ओळ दुरुस्त करायला कोण बसणार? आम्हीच.

बाणेरी: गुणाकार तरी कशाला? शून्याशी मॅक्स घ्या, दोन्हींतला मोठा. नाहीतर यादीतले ठरावीक घटक बदलणारं ॲमेंड आहे: व्हेअरने ऋण आकड्यांच्या जागा काढायच्या, तिथे शून्य ठेवायचं.

खराडीकर: आणि नल, म्हणजे न आलेली किंमत? क्यूत नल सगळ्यांत लहान, म्हणजे 'शून्याहून लहान का?' ला तोही हो म्हणतो. आमच्याकडे एका शहाण्याने हेच केलं. ज्या सौद्यांचा हिशोबच आला नव्हता, ते रिपोर्टात शून्य नफ्याचे दिसले. क्लायंटचा फोन रात्री, आणि तो उचलायला मी!

सदाशिवपेठी: मग तुमचा इफ काय वेगळी तुलना करणार होता? नल तिथेही फसणारच. उलट गुणाकारात नल गुणिले शून्य नलच राहतो.

कंचेभागुबेव: नल राहू द्या. २×३+४ चे या भाषेत १४ होतात! उजवीकडून डावीकडे, म्हणजे आधी बेरीज. पाचवीत असं सोडवलं असतं तर बाईंनी पट्टी मारली असती.

सदाशिवपेठी: केनेथ आयव्हर्सनच्या एपीएल या जुन्या ॲरे भाषेपासून हेच चालत आलंय. इतकी चिन्हं, त्यांची उतरंड कोण पाठ करणार? एकच नियम, सगळे समान.

कंचेभागुबेव: समान कसले, डावीकडच्याने कायम थांबायचं! लेकीला गृहपाठात मदत करताना मीच १४ सांगितले. घरात माझी किंमत काय उरली?

बाणेरी: कंस लावा. कंसाला पैसे पडत नाहीत.

कंचेभागुबेव: लावले होते. कोडच्या रिव्ह्यूत "अनावश्यक कंस" म्हणून काढायला लावले. असल्या लोकांना आधी पट्टी!

सदाशिवपेठी: अनावश्यक होते म्हणूनच काढले असतील.

खराडीकर: बरं, पंडित, इफ मागे घेतो. पण दशांश संख्यांच्या यादीत ऋण अनंत आला तर तुमचा गुणाकार नल देतो, शून्य नाही. तेवढं बघा, मग शिकवा.